जंतू शिरला, तरी आजार का झाला नाही? क्षयरोग आणि टी पेशींचा इतिहास



आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. घरात सहा माणसं आहेत. खोली एक, दार एक, खिडकी असली तर एक. त्यातल्या एकाला क्षयरोग होतो. हा जंतू हवेतून पसरतो, म्हणजे उरलेल्या पाचांच्या छातीतही तो जाणारच. मग पाचही जण आजारी का पडत नाहीत? कधी एखादाच पडतो, कधी कोणीच पडत नाही, आणि कधी दहा वर्षांनी म्हातारपणी एखाद्याला खोकला धरतो. असं का?

संग्रामपूर तालुक्यात हा प्रश्न पुस्तकातला नाही. सोनाळ्याकडून सातपुड्याच्या पायथ्याला गेलं की वस्त्या विरळ होतात, अंबाबरव्याचं जंगल लागतं, पलीकडे मेळघाट. खालच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. या भागात क्षयाला अजूनही नावानं हाक मारत नाहीत. ‘छातीचं दुखणं’ म्हणतात, ‘मोठा खोकला’ म्हणतात. नाव घेतलं तर पोरीचं लग्न मोडेल अशी भीती असते. ही भीती एका समजुतीवर उभी आहे : ज्याच्या घरात क्षय, ते घरच क्षयाचं. ही समजूत कुठून आली आणि विज्ञानानं ती कशी कशी मोडत नेली, ते आपण क्रमानं पाहू.

आपल्याकडं या रोगाचं जुनं नाव राजयक्ष्मा. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या, पण त्याचा जीव एकट्या रोहिणीवर. दक्षानं शाप दिला आणि चंद्र क्षीण होऊ लागला. चरकसंहितेत या रोगावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात कारणं सांगितली आहेत ती अशी : ताकदीबाहेरचं काम, नैसर्गिक वेग अडवणं, धातूंचा क्षय आणि चुकीचा आहार. गंमत पाहा, या यादीत जंतू नाही, पण शरीराची अवस्था आहे. माणूस खंगला की रोग धरतो, एवढं निरीक्षण जुन्या वैद्यांकडं होतं. ‘धरतो’ म्हणजे नेमकं काय, ते कळायला दीडशे वर्षांचं संशोधन लागलं.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला. रोग रक्तातून चालत येतो, घराण्यात असतो, हे म्हणणं त्या दिवशी डळमळलं. हाच कॉख पुढे १८९७ साली प्लेगच्या साथीत मुंबईला येऊन गेला. पण जंतू दाखवणं वेगळं आणि रोग्याला वाचवणं वेगळं. आपल्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण घ्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षं पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयानं त्यांचा मृत्यू झाला. जंतूचा शोध लागून पाच वर्षं झाली होती. जंतूचं नाव ठाऊक असलेल्या डॉक्टरच्या स्वतःच्या छातीत काय चाललं आहे, हे सांगणारं शास्त्र मात्र अजून जन्मायचं होतं.

कॉखनं आणखी एक गोष्ट पाहिली, आणि आपल्या कथेची खरी सुरुवात तिथं आहे. निरोगी गिनिपिगला त्यानं क्षयाचे जंतू टोचले. दहा-पंधरा दिवसांनी तिथं गाठ आली, ती फुटली, आणि ती जखम प्राणी मरेपर्यंत भरली नाही. मग ज्या गिनिपिगला महिनाभरापूर्वी क्षय झाला होता, त्याला त्यानं दुसऱ्या जागी पुन्हा जंतू टोचले. आता चित्र पालटलं. एक-दोन दिवसांतच तिथली कातडी काळी पडली, गळून गेली आणि जखम भरून आली. म्हणजे त्या शरीराला जंतूची ओळख पटलेली होती. ते त्याला विसरलेलं नव्हतं.

या ओळखीवर कॉखनं मोठी आशा बांधली. जंतूंपासून त्यानं एक अर्क काढला, ट्यूबरक्युलिन, आणि १८९० साली ते क्षयावरचं औषध म्हणून जाहीर केलं. ठिकठिकाणचे रुग्ण बर्लिनकडं धावले. पण वर्षभरात कळलं की त्यानं रोग बरा होत नाही, उलट काही रुग्णांची प्रकृती बिघडते. औषध म्हणून ट्यूबरक्युलिन पडलं, पण चाचणी म्हणून ते टिकलं. १९०७ साली व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्केनं ते मुलांच्या कातडीवर ओरखडा काढून लावलं, आणि १९०८ साली फ्रान्समध्ये शार्ल मान्टूनं सुईनं कातडीत टोचलं. ‘मान्टू टेस्ट’ हा शब्द आपल्याकडं दवाखान्यात आजही चालतो, तो याच माणसाच्या नावावरून.

पिर्केला काय दिसलं? वय वाढत जातं तसतशी चाचणी लागणारी मुलं वाढत जातात, आणि त्यातली बहुतेक चांगली हिंडती-फिरती आहेत. म्हणजे जंतूचा संसर्ग होणं ही एक गोष्ट आणि क्षयरोग होणं ही दुसरी गोष्ट. मंडळी, आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या. संसर्ग म्हणजे रोग नव्हे. आज आपण ढोबळमानानं असं सांगतो की संसर्ग झालेल्या दहा माणसांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांना आयुष्यभरात रोग होत नाही.

मग या नऊ जणांना राखतं कोण?

त्या काळात उत्तर ठरल्यासारखं होतं : रक्तातला पातळ भाग, सीरम. १८९० साली बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं होतं की घटसर्प आणि धनुर्वाताविरुद्धची ताकद सीरममध्ये असते आणि ती एका प्राण्यातून दुसऱ्यात देता येते. त्या पदार्थांना आपण आज प्रतिपिंडं म्हणतो. साहजिकच क्षयावरही सीरम शोधणं सुरू झालं. अनेकांनी अनेक वर्षं खटपट केली, पण हाती काही लागलं नाही. मान्टूची चाचणी लागणाऱ्या प्राण्याचं सीरम दुसऱ्याला दिलं, तर त्या दुसऱ्याची चाचणी लागत नसे.

कोडं सुटलं १९४५ साली, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. मेरिल चेज यांनी क्षयाची ओळख झालेल्या गिनिपिगमधून सीरमऐवजी जिवंत पांढऱ्या पेशी घेतल्या आणि निरोगी गिनिपिगला दिल्या. त्याची चाचणी लागली. म्हणजे क्षयाची आठवण रक्ताच्या पाण्यात नव्हती, पेशींत होती. आज हे एका ओळीत सांगून होतं, पण जवळजवळ पन्नास वर्षं सगळे चुकीच्या भांड्यात हात घालून बसले होते.

या पेशी कोणत्या आणि त्या तयार कुठं होतात? छातीच्या हाडामागं, हृदयाच्या वर थायमस नावाची एक ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, वयानुसार आक्रसत जाते. तिचा काही उपयोग नाही, असंच बरेच जण मानत. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली. ती पिल्लं खंगली, त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट पेशी कमी झाल्या, आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचं शरीर ती नाकारेना. १९६८ साली मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी दाखवलं की लिम्फोसाइट दोन प्रकारचे असतात. प्रतिपिंडं बनवतात त्या बी पेशी. थायमसमध्ये तयार होतात त्या टी पेशी. टी हे थायमसचं आद्याक्षर, बस्स.

आता या पेशी क्षयात काय करतात ते सावकाश पाहू.

रोगी खोकतो, बारीक थेंब हवेत तरंगतात, ते आपण श्वासातून घेतो. जंतू फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातो. तिथं मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. त्या जंतूला गिळतात. बहुतेक जंतू इथं मरतात. क्षयाचा जंतू मात्र गिळला जाऊनही जगतो. पेशीच्या ज्या कप्प्यात त्याचं पचन व्हायचं, त्या कप्प्याची वाटच तो अडवून धरतो, आणि तिथंच राहून वाढतो. प्रतिपिंडं का चालली नाहीत, ते आता लक्षात आलं असेल. ती पेशीबाहेर फिरतात, चोर घरात कडी लावून बसलेला.

काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात. तिथं लाखो टी पेशी असतात, आणि प्रत्येकीला एकाच आकाराचा तुकडा ओळखता येतो. ज्या मोजक्या पेशींशी क्षयाचा तुकडा जुळतो, त्या जाग्या होतात आणि एकीच्या हजारो होतात. यात वेळ जातो. साध्या विषाणूच्या मानानं क्षयात ही सगळी हालचाल फार मंद असते. म्हणूनच माणसाची मान्टू चाचणी संसर्गानंतर लगेच लागत नाही, साधारण दोन ते आठ आठवडे लागतात. तेवढा काळ जंतूला मोकळं रान मिळतं.

मग या टी पेशी, त्यातही मुख्यतः सीडी४ प्रकारच्या, फुप्फुसात परततात. जंतू पोटात घेऊन बसलेल्या मॅक्रोफेजला त्या सांगावा देतात. त्या सांगाव्याचं नाव इंटरफेरॉन गॅमा. तो मिळाला की मॅक्रोफेज चेततो आणि आजवर जे पचत नव्हतं ते मारू लागतो. चेतलेला मॅक्रोफेज जंतूला मारतो, ही गोष्ट जॉर्ज मॅकॅनेस यांनी १९६० च्या दशकात मांडली. त्यांचे प्रयोग बरेचसे लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूवर होते. पुढे ते ज्या ट्रूडो संस्थेत गेले, ती अमेरिकेतल्या एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामाच्या वारशातून उभी राहिलेली. १९९३ साली दोन गटांनी इंटरफेरॉन गॅमाचा जनुकच नसलेल्या उंदरांना क्षयाचे जंतू दिले. साधे उंदीर ज्या संसर्गाला रोखून धरत, त्यानं हे उंदीर झपाट्यानं मेले.

जे जंतू मरत नाहीत, त्यांच्याभोवती पेशींची तटबंदी होते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आत जंतू निजून राहतात, बाहेर टी पेशी राखण करतात. अनेकांच्या बाबतीत ही राखण मरेपर्यंत चालते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांत असा संसर्ग आढळला. म्हणजे या सभागृहात शंभर माणसं असतील, तर तीसेक जणांच्या छातीत ही राखण चालू असण्याचा संभव आहे. घाबरायचं काही नाही. राखण चालू आहे म्हणूनच आपण इथं बसलो आहोत.

राखण सुटली की काय होतं, हे जगाला एचआयव्हीनं दाखवलं. हा विषाणू नेमका सीडी४ पेशींनाच मारतो. भारतात तो १९८६ साली आढळला. महाराष्ट्र हे सर्वाधिक झळ पोहोचलेल्या राज्यांपैकी एक होतं, आणि १९९२ साली पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. साध्या माणसाला आयुष्यभरात जेवढा धोका, जवळपास तेवढा धोका एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या माणसाला दर वर्षी. प्रयोगशाळेत उंदरांवर जे पाहिलं होतं, ते इथं माणसांच्या घरांत घडलं.

पण टी पेशी म्हणजे निव्वळ रक्षणकर्त्या, असंही समजू नका. फुप्फुसात पोकळी पडते, ऊतक सडतं, रक्त पडतं, त्यात जंतूपेक्षा आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचा हात मोठा असतो. सीडी४ पेशी फार घटलेल्या एचआयव्हीच्या रुग्णांत पोकळ्या कमी दिसतात, हा त्याचा पुरावा. आणि पोकळी पडली की जंतू श्वासनलिकेत उतरतो, खोकल्यातून दुसऱ्याकडं जातो. २०१० साली इनाकी कोमास आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या २१ वाणांचे जनुक तपासले. बहुतेक रोगजंतू आपली ओळख सारखी बदलतात, पण क्षयाच्या जंतूचे जे तुकडे टी पेशी ओळखतात, ते सगळ्यात कमी बदललेले निघाले. जणू आपल्याला ओळखलं जावं, हे त्याच्याच सोयीचं आहे. लस बनवणं का अवघड जातं, ते यावरून कळतं. ओळख वाढवली म्हणजे रक्षण वाढलंच, असं होत नाही.

लसीचाही इतिहास थोडक्यात सांगतो. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गाईचा क्षयजंतू २३० वेळा नव्यानं वाढवून त्याचा जोर काढला. ती बीसीजी. आपल्या बहुतेकांच्या दंडावर तिचा वण आहे. १९६८ साली तामिळनाडूतल्या चिंगलपुट भागात तिची प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली. १९७९ साली निष्कर्ष आला : मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिथं लसीनं संरक्षण दिलं नाही. लहान बाळांना होणाऱ्या मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून मात्र बीसीजी वाचवते, म्हणून ती जन्मल्याबरोबर देतात आणि दिलीच पाहिजे.

आता आपल्या विदर्भात येऊ. मान्टूची एक अडचण होती. बीसीजी घेतलेल्या माणसातही ती कधी कधी लागते. मग नवी रक्तचाचणी आली. बीसीजी बनवताना त्या जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळून गेला होता. त्या तुकड्यातली प्रथिनं रक्तात घालायची आणि टी पेशी इंटरफेरॉन गॅमाचा सांगावा देतात का, ते मोजायचं. २००४ च्या जानेवारी ते मे या काळात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत मधुकर पै, रजनीश जोशी, श्रीप्रकाश कलंत्री, प्रतिभा नारंग आणि सहकाऱ्यांनी ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांवर मान्टू आणि ही रक्तचाचणी दोन्ही केल्या. निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. मान्टू ४१ टक्क्यांत लागली, रक्तचाचणी ४० टक्क्यांत. दोन्हींपैकी एक तरी लागलेले पन्नास टक्के. बीसीजीचा फारसा फरक पडला नाही. नोकरीची वर्षं जितकी जास्त, तितका संसर्ग जास्त. म्हणजे खेड्यातल्या रुग्णांची सेवा करणारी ही माणसं स्वतःच्या छातीत तो जंतू घेऊन वावरत होती, आणि त्यांच्या टी पेशी त्याला रोखून धरत होत्या.

पुढे त्याच संस्थेतल्या वैद्यकीय आणि परिचर्या विद्यार्थ्यांची अठरा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. काहींची चाचणी नव्यानं लागली, तर काहींची लागलेली चाचणी पुन्हा निरंक झाली. म्हणजे संसर्ग हा दगडावरचा शिक्का नाही, शरीर आणि जंतू यांची ओढाताण चालूच असते. आणि दोन्ही चाचण्यांची एक मर्यादा आहे. टी पेशींना ओळख आहे, एवढं त्या सांगतात. उद्या आजारी कोण पडेल, हे त्या ठामपणे सांगू शकत नाहीत. त्याच प्रथिनांवरची कातडीची चाचणीही आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवली आहे. २०२२ साली तिला भारतात मान्यता मिळाली. म्हणजे मान्टूची सुई तीच, आतला पदार्थ नवा.

मग राखण सुटते कशानं? एचआयव्ही, मधुमेह, काही औषधं, तंबाखू, दारू. पण आपल्या भागात सगळ्यात मोठं कारण अर्धपोटी राहणं. कुपोषित मुलाची थायमस आक्रसते. मिलर यांनी उंदरावर जे सुरीनं केलं, ते भूक मुलावर हळूहळू करते. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या गटानं क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा धान्य-डाळ दिली. दहा हजारांवर माणसं या अभ्यासात होती. २०२३ साली निकाल आला : ज्या घरांना शिधा मिळाला, तिथं नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी, आणि संसर्ग पसरवणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. ना नवी लस, ना नवं औषध. तांदूळ आणि डाळ. चरकानं आहार कारणांत धरला होता, ते उगीच नव्हतं.

म्हणून शेवटी कामाचं बोलू. घरात कोणाला क्षय निघाला, तर बाकीच्यांनी तपासणी करून घ्यायची. रोग नसेल, तरी प्रतिबंधक गोळ्या मिळतात. २०२१ पासून सरकारी कार्यक्रमात त्या घरातल्या सगळ्यांसाठी आहेत, फक्त लहान मुलांपुरत्या नाहीत. ‘मला काही होत नाही, मी गोळ्या कशाला खाऊ,’ असं आपण म्हणतो. उत्तर आता तुम्हाला ठाऊक आहे : आतली राखण चालू आहे, गोळ्या तिला हातभार लावतात. रुग्णाला पोषणासाठी दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. ते रुग्णाच्या ताटात पोहोचतात का, हे घरच्यांनी पाहायचं, आणि ताट वाढताना बाकीच्यांचंही पाहायचं. विशेषतः सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या घरच्या बाईचं.

आणि ज्या घरात क्षय झाला ते घरच क्षयाचं, ही समजूत? ती आपण इतक्या वेळात तपासून पाहिली. त्या घरातल्या बहुतेकांच्या टी पेशी जंतूला ओळखतात आणि धरून ठेवतात. अशा घरातली मुलगी करायला हरकत काय, असा प्रश्न लग्नाच्या बैठकीत कोणी काढला, तर हा इतिहास सांगायला तुम्ही तिथं असा, एवढीच आमची विनंती.